गाणं ऐकावं, वीजही राखावी : घरचा ॲम्प्लिफायर निवडताना

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर पोरांचा विषय. आज आपण बोलणार आहोत घरात गाणी ऐकायच्या ॲम्प्लिफायरबद्दल. आपल्याकडे कुणी त्याला साऊंडचं मशीन म्हणतं, कुणी नुसतं ‘साऊंड’ म्हणतं. मोबाइलमधला, टीव्हीतला किंवा रेडिओतला बारीक आवाज घेऊन तो स्पीकर हलवण्याइतका जोरकस करायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पण हा डबा घरात येतो कसा? मुलगा किंवा दीर तालुक्याच्या दुकानात जातो, खोक्यावरचा मोठा आकडा बघतो आणि घेऊन येतो. हप्ते मात्र आपल्या शिलाईच्या, दुधाच्या पैशातून जातात. बिल आपण भरतो. लाइट गेल्यावर बॅटरी पंख्याला द्यायची की गाण्याला, हा वादही आपल्यालाच सोडवावा लागतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आमच्या गटात हा प्रश्न कर्जाच्या अर्जातून आला. आमच्या एका मैत्रिणीने ९,००० रुपये मागितले, नवीन होम थिएटर घ्यायला. गटात कुजबुज झालीच. शेळी घ्यायला, शाळेच्या फीला, दवाखान्याला कर्ज देतो. गाण्याच्या मशीनला कशाला द्यायचं? मग तिने सांगितलं. तिचे सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून आहेत. सगळा जन्म त्यांनी भजनात टाळ धरला. आता हात चालत नाही, बोलणं नीट उमटत नाही, पण अभंग लागला की ओठ हलतात. म्हणून सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत घरात जुना ॲम्प्लिफायर चालू असतो. संध्याकाळी लाइट जाते आणि कधी कधी मध्यरात्रीनंतरच येते. इन्व्हर्टरची बॅटरी एकच. तिच्यावर म्हाताऱ्यांच्या अंगावर वारा घालणारा पंखा, दहावीच्या मुलीचा अभ्यासाचा बल्ब आणि ते मशीन. लाइट गेली की आता त्यांचं गाणं बंद करायचं, असं घरातल्यांनी ठरवत आणलं होतं. ते तिला बघवत नव्हतं.

तेव्हा गटाने ठरवलं, आधी हिशेब करू, मग कर्जाचं बोलू. आज आपण तोच हिशेब मांडणार आहोत.

सुरुवातीला ॲम्प्लिफायर वीज खातो कुठे, ते समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरला एबी वर्गाचा म्हणतात. तो उचलून बघा, जड लागेल. आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो. मागे किंवा बाजूला ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतात, त्या गरम होतात. त्या का तापतात? पाइपाला कॉक लावून आपण पाणी कमी-जास्त करतो, तसं तिथले ट्रान्झिस्टर वीज कमी-जास्त करतात. कॉक अर्धा उघडला की मोटरीचा जोर तिथे अडतो. वाफ्यात पाणी थोडंच जातं, मोटर मात्र चालूच. तसंच अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरमध्ये वीज अडते आणि तिची उष्णता होते. शिवाय गाणं बंद असलं तरी त्याला तयारीत राहावं लागतं, म्हणून थोडा प्रवाह सतत वाहतो. चहा नको असतानाही गॅस बारीक चालू ठेवावा, तसा हा प्रकार.

नवीन पद्धत आहे डी वर्गाची. तिच्यात कॉक अर्धा उघडायचा नाहीच. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. उघडा असताना अडथळा नाही, बंद असताना प्रवाह नाही. म्हणून उष्णता फार थोडी. पण मग आवाज कमी-जास्त होतो कसा? तर ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते. मोठा आवाज हवा असेल तिथे कॉक उघडा राहण्याचा वेळ जास्त, लहान आवाज हवा असेल तिथे कमी. हौदात बादलीबादलीने पाणी ओतलं तरी खालच्या तोटीतून धार सलग पडते ना? तसं शेवटी तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर मिळून ही उघडझाप सलग करतात आणि स्पीकरला गाणं तेवढं पोचतं. आपला कान जास्तीत जास्त सेकंदाला २०,००० कंपनं ऐकतो, तेही तरुणपणी. त्यामुळे लाखांची उघडझाप आपल्याला ऐकू येत नाही.

ही कल्पना काही कालची नाही. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९६४ च्या सुमारास एक्स-१० नावाचा असा ॲम्प्लिफायर विकायला काढला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करायला कमी पडायचे. पुढे चांगले, वेगवान ट्रान्झिस्टर आले, नखाएवढ्या चिपमध्ये सगळं बसायला लागलं आणि ही पद्धत घरोघर पोचली. आज तुमच्या मोबाइलमध्ये, टीव्हीत, कानाच्या मशीनमध्येही बहुतेक डी वर्गाचाच ॲम्प्लिफायर असतो. बॅटरी पुरवायची असेल तिथे दुसरा इलाज नसतो.

आकड्यांत सांगायचं तर पूर्ण आवाजात एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर शंभर भाग वीज घेऊन साधारण पन्नास-साठ भाग स्पीकरला देतो. डी वर्गाचा ऐंशी-नव्वद भाग देतो. पण पूर्ण आवाजात घरात ऐकतं कोण? आपण ऐकतो हळू आवाजात. त्या वेळी खरा फरक पडतो तो नुसतं चालू राहण्यासाठी लागणाऱ्या विजेत. मध्यम आकाराचा जुना ॲम्प्लिफायर नुसता चालू असताना ३०-४० वॅट ओढू शकतो. लहान डी वर्गाचा पाच ते दहा वॅटमध्ये भागवतो.

आता आपल्याला वॅट किती हवेत? इथेच दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक होते. स्पीकरच्या माहितीत ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा असतो, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज येतो तो. समजा तो ८८ डेसिबल आहे. साधं बोलणं एक मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे एका वॅटमध्येच बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा आवाज येतो! माजघरात बसून अभंग ऐकायला एक वॅटसुद्धा पुष्कळ झाला. ढोलकीची थाप, पखवाजाचा धूम असा अचानक उठणारा आवाज फाटू नये म्हणून जास्तीची ताकद हाताशी ठेवायची. तरी घरच्या खोलीला प्रत्येक बाजूला वीस ते पन्नास वॅट भरपूर आहेत.

आणखी एक नियम ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तो जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहापट वॅट लागतात. त्याऐवजी ८५ च्या जागी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधी स्पीकरवर घाला.

खोक्यावर लिहिलेलं असतं, ५,००० वॅट पीएमपीओ. त्या आकड्याला काही अर्थ नाही. तो मोजायची एक ठरलेली रीतच नाही. विचारायचं ते ‘आरएमएस वॅट किती, आणि किती ओहमला?’ दुकानदाराला सांगता आलं नाही तर आपण स्वतः तपासायचं. डब्याबरोबरचा अडॅप्टर हातात घ्या. त्यावर आउटपुट लिहिलेलं असतं, समजा २४ व्होल्ट, ३ ॲम्पिअर. दोन्हींचा गुणाकार करा. झाले ७२ वॅट. डब्यात वीजच ७२ वॅट जाते, तर बाहेर ३०० वॅट सतत येतील कुठून? एका घागरीतून दोन घागरी ओतता येतात का? हा गुणाकार आपल्या सगळ्या जणींना येतो. गटाचं दप्तर आपण लिहितो, हेही जमेल.

आता घरचा जुना ॲम्प्लिफायर किती खातो ते कसं मोजायचं? त्याला वेगळं यंत्र लागत नाही. आपल्या विजेच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर तो धरा. घरातलं सगळं बंद करा. फ्रिजची, मोबाइल चार्जरची पिनसुद्धा काढा. दिवा थांबला याची खात्री करा. मग फक्त ॲम्प्लिफायर नेहमीच्या आवाजात लावा आणि अर्धा तास लुकलुक मोजा. कडधान्य निवडत मोजलं तरी चालतं.

आमच्या मैत्रिणीच्या घरी अर्ध्या तासात ६४ वेळा दिवा लागला. ६४ ला ३,२०० ने भागलं, ०.०२ युनिट, म्हणजे २० वॅट-तास. हे अर्ध्या तासाचे, तासाला ४०. म्हणजे तिचा ॲम्प्लिफायर ४० वॅट खातो, आणि आवाज तर शेजारच्या खोलीतसुद्धा जात नव्हता.

मग हिशेब झाला. ४० वॅट, रोज १४ तास : ५६० वॅट-तास. महिन्याला जवळजवळ १७ युनिट. आठ वॅटचा नवा असता तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आत. साडेतेरा युनिट वाचतात. युनिटचा दर आपापल्या बिलावर बघा. समजा सगळं धरून ८ रुपये पडत असतील तर महिन्याला १०७-१०८ रुपये. आता व्याज बघा. आमच्या गटात महिना दोन टक्के. ९,००० रुपयांना पहिल्या महिन्याचं व्याजच १८० रुपये. म्हणजे विजेच्या बचतीतून कर्ज फिटणार नाही. हे आम्ही तिला स्पष्ट सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो. ज्यांच्या घरी दिवसाला दोन-तीन तासच गाणी लागतात, त्यांचे महिन्याला तीनच युनिट वाचतील. त्यांनी केवळ वीज वाचवायची म्हणून चांगला चालणारा मशीन बदलू नये. वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद करा, तेवढीच बचत फुकटात होते. नुसतं रिमोटने बंद केलं तर मशीन झोपेतही थोडं खातं. युरोपात २०१३ पासून अशा झोपेतल्या विजेवर बहुतेक उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. नवीन घेताना हा आकडा विचारा. अर्धा वॅट असेल तर चिंता नाही. भिंतीवरचं बटण मात्र सगळ्यात भरवशाचं.

बॅटरीचा हिशेब वेगळा निघाला, आणि मैत्रिणीची खरी अडचण तीच होती. तिच्या इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षं जुनी. तिच्यातून वापरता येण्याजोगे ७०० वॅट-तास धरले. पंखा ७० वॅट, बल्ब ९, ॲम्प्लिफायर ४०. बेरीज ११९. म्हणजे पावणेसहा तासांच्या आसपास सगळं बंद. ॲम्प्लिफायर आठ वॅटचा केला तर बेरीज ८७, आठ तास चालेल. दोन तास वाढले!

पण कागदावर बघता बघता गटातल्याच एकीचं बोट पंख्यावर गेलं. सगळ्यात मोठा खाणारा तोच की! बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. पंखा ३०, बल्ब ९, ॲम्प्लिफायर ८ : ४७ वॅट. त्याच बॅटरीवर जवळजवळ १५ तास. आता बघा, अर्ज आला होता गाण्याच्या मशीनचा, आणि घराची रात्र वाचवणारं अर्धं उत्तर पंख्यात होतं. म्हणून म्हणतो, वीज कोण किती खातं हे मोजल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

मग दुसरा प्रश्न. सगळं होम थिएटर नवीन कशाला? तिचे जुने दोन स्पीकर चांगले होते. लाकडी पेटीचे, आठ ओहमचे. फाटके नाहीत, खरखर नाही. बदलायचा तो फक्त ॲम्प्लिफायर. दोन वाहिन्यांचा, डी वर्गाचा, ब्लूटूथ आणि टीव्हीची वायर लागेल असा लहान डबा. गटाने तिला ६,५०० रुपये दिले, त्यात ॲम्प्लिफायर आणि पंखा दोन्ही बसले. अडीच हजारांचं कर्ज वाचलं. कुणी असंही विचारलं की म्हाताऱ्या माणसाच्या गाण्यासाठी कर्ज हा उत्पादक खर्च आहे का? त्यावर गटातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, सगळंच उत्पादनासाठी असतं तर आपण अंगाई का गातो? ठराव एकमताने झाला.

आता दुकानात जाताना काय बघायचं, ते एकेक सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिलं, वर्ग डी आहे ना, हे विचारा. फ्रिजवर, एसीवर जसे तारे चिकटवलेले असतात तसे ॲम्प्लिफायरवर नसतात, त्यामुळे आपणच चौकशी करायची. नुसतं चालू असताना किती वॅट, झोपेत किती वॅट, आणि काही वेळ गाणं नसेल तर आपोआप झोपतो का.

दुसरं, ओहम जुळवा. स्पीकरच्या मागे ४, ६ किंवा ८ ओहम लिहिलेलं असतं. ॲम्प्लिफायरवर ‘४ ते ८ ओहम’ असं असेल तर तिन्ही चालतात. पण एकाच बाजूला आठचे दोन स्पीकर शेजारीशेजारी जोडले तर ते चारचे होतात, आणि चारचे दोन जोडले तर दोनच ओहम. मग ॲम्प्लिफायरवर भार पडतो, तो बंद पडतो किंवा जळतो.

तिसरं, फार महत्त्वाचं. बऱ्याच डी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरची काळी वायरसुद्धा जिवंत असते. जुन्या मशीनमध्ये दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरी एकत्र करून चालायचं, इथे तसं करायचं नाही. काळी वायर पत्र्याला किंवा अर्थिंगला लावायची नाही. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी वेगवेगळ्या. जोडून देणाऱ्या पोरालाही हे सांगा.

चौथं, अडॅप्टर बघा. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्यासाठी चांगलं. संध्याकाळी शेतातले पंप चालू झाले की गावात व्होल्टेज पडतं, तेव्हा जुने मशीन घुमतात. असा अडॅप्टर त्यातही चालतो. भारतात अशा अडॅप्टरला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आयएस क्रमांक आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर वस्तू परत द्या. स्वस्त, बिननावाचा अडॅप्टर हा धोका आहे. विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र कोणताही अडॅप्टर असो, पिन काढून ठेवा.

पाचवं, रेडिओची परीक्षा. उघडझाप वेगाने होते म्हणून काही हलक्या डब्यांतून विजेचा गोंगाट बाहेर पडतो आणि शेजारी ठेवलेल्या रेडिओत खरखर येते, विशेषतः आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर. दुकानात जाताना लहान रेडिओ पिशवीत न्या. डबा चालू करून त्याच्याजवळ रेडिओ लावा. खरखर आली तर घेऊ नका. नाहीतर आमचा कार्यक्रम ऐकणार कसा?

सहावं, दुरुस्ती. इथे जुन्याची बाजू घ्यायला हवी. एबी वर्गाचा मशीन तालुक्याचा मेकॅनिक उघडून एखादा ट्रान्झिस्टर बदलून चालू करून देतो. डी वर्गाची चिप बारीक असते, बऱ्याचदा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. म्हणून पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या, आणि अडॅप्टर वेगळा, बाजारात मिळणाऱ्या मापाचा असेल असा डबा निवडा.

ज्यांच्या घरी सोलरची १२ व्होल्टची बॅटरी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. काही लहान डी वर्गाचे ॲम्प्लिफायर १२ ते २४ व्होल्टवर चालतात. ते बॅटरीला सरळ जोडता येतात, मधल्या इन्व्हर्टरची गळती वाचते. पण जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, आणि बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. बॅटरीची वायर घासून एकमेकींना चिकटली तर आग लागायला वेळ लागत नाही.

घरी आणल्यावर काय काळजी घ्यायची? डबा कमी तापतो म्हणून तो फडताळात कोंबू नका, त्यावर विणलेला रुमाल घालू नका. हवा खेळू द्या. चुलीच्या धुरापासून, फोडणीच्या वाफेपासून लांब ठेवा. झुरळं आणि पाली उबेला येतात, मागची भोकं अधूनमधून कोरड्या ब्रशने झाडा, तेही पिन काढूनच. जुना मशीन हाताला झिणझिण्या देत असेल तर तो वापरूच नका, आधी अर्थिंग तपासून घ्या. आणि मोडका मशीन जाळून तांबं काढायच्या भानगडीत पडू नका, तो धूर विषारी असतो. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आता शेवटचं, कानाचं. डबा वीज कमी खातो म्हणून आवाज वाढवायचा नाही. ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, त्यापुढे कानाला धोका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांचे कान त्याहून नाजूक. कायद्यानेही वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या घरचं गाणं शेजारच्या बाळंतिणीला आणि अभ्यासाला बसलेल्या पोरांना त्रास देऊ नये.

म्हाताऱ्या माणसांना शब्द कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो. पण वयाने आधी बारीक, टोकदार आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क असे. आवाज वाढवला की धूमधूम वाढते, शब्द तसेच राहतात. त्यापेक्षा बेसचं बटण कमी करा, ट्रेबल थोडं वाढवा आणि स्पीकर अंथरुणाजवळ, कानाच्या उंचीवर आणा. अंतर निम्मं केलं की कानाशी आवाज वाढतो, आणि त्याला एक पैशाची वीज लागत नाही. आमच्या मैत्रिणीने तसं केलं. पूर्वी बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेला स्पीकर आता सासऱ्यांच्या उशापासून हातभर अंतरावर आहे. आवाज पूर्वीच्या निम्म्यावर, आणि मुलीचा अभ्यासही त्याच घरात चालतो.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका उपकरणाची लुकलुक अर्धा तास मोजून आकडा वहीत लिहून आणायचा. कुणी ॲम्प्लिफायर, कुणी पंखा, कुणी टीव्ही. बैठकीत सगळे आकडे एका फळ्यावर मांडा. कुणाच्या घरात कोण किती खातं ते आपोआप दिसेल, आणि पुढच्या वेळी कर्जाचा अर्ज आला की काय विचारायचं तेही कळेल. तुमचे आकडे आम्हाला कळवा, आम्ही ते कार्यक्रमात वाचून दाखवू.

ऐकत राहा, बेताच्या आवाजात ऐका. नमस्कार.